ह्यूस्टनमधली टेलिफोनची पेटी नेमकी कशामुळे फुटली असेल?

केटीकर

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचं उपनगर आहे, तिथे आम्ही घर घेतलं. मागच्या लाकडी कुंपणाला लागून टेलिफोन कंपनीची एक पत्र्याची पेटी उभी आहे. छातीइतकी उंच, हिरवट, आत पंखे घुमतात. ऊन चढलं की त्यांचा आवाजही चढतो. मुलं तिथेच क्रिकेट खेळतात आणि पेटीचाच स्टंप करतात.

परवा शेजारचे आजोबा कुंपणावरून सांगायला लागले की २००६ मध्ये ह्यूस्टनकडे अशीच एक पेटी फुटली होती, दार उखडून गेलं होतं. मला वाटलं, म्हातारा नव्या शेजाऱ्यांची गंमत करतोय. शोधलं तर खरं निघालं. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची यू-व्हर्स ही टीव्ही-इंटरनेटची सेवा तेव्हा नुकती सुरू होत होती आणि ती पेटी त्याच जाळ्यातली होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात विस्कॉन्सिनमधल्या वॉवाटोसाला आणखी एक.

यावर लोकांना विचारावं तर जितकी तोंडं तितके अंदाज. गॅसची पाइपलाइन, हायड्रोजन, वीज पडली, कोणीतरी फटाका टाकला. नवरा म्हणतो, "इंटरनेटच्या पेटीत फुटण्यासारखं असतं काय?" माझाही प्रश्न तोच. आत असतं काय आणि त्यातलं फुटू शकतं काय? इथे टेलिफोनमधले जुने लोक आहेत म्हणून विचारते.

चिंचपोकळी_लोकल

ट्रान्सफॉर्मर! आमच्या गल्लीतला डीपी दर पावसाळ्यात धडाम करतो. तेल तापतं, आत शॉर्ट होतं, मग दिवाळी. अमेरिकेत तेच होत असणार, फक्त लॉन हिरवंगार.

बॅटरीरूम

चिंचपोकळी, तुमचा डीपी वीज कंपनीचा. टेलिफोनच्या पेटीत तेलाचा ट्रान्सफॉर्मर नसतो.

ताई, टेलिफोनच्या पॉवर प्लांटवर माझी नोकरी गेली, आता नाशिकला निवांत आहे. ह्यूस्टनची पेटी मी पाहिलेली नाही, तेव्हा हे सगळं लांबून. पण पेटी कुठलीही असो, आतला संसार सारखाच.

यू-व्हर्सची रचना अशी होती की फायबर तुमच्या वस्तीपर्यंत आणायचं, या पेटीत संपवायचं आणि तिथून घरापर्यंत जुन्याच तांब्याच्या जोड्या वापरायच्या. तांब्यावरून टीव्हीचं चित्र जायचं तर अंतर कमी हवं, साधारण तीन हजार फूट, म्हणजे नऊशे मीटर. म्हणून या पेट्या एक्स्चेंजमध्ये न राहता लोकांच्या कुंपणाशी आल्या. आत व्हीडीएसएलची, म्हणजे तांब्यावरून वेगवान इंटरनेट पाठवणारी कार्डं, बाहेरून येणारी एसी वीज, तिचं ४८ व्होल्ट डीसी करणारा रेक्टिफायर आणि वीज गेली तर काही तास तग धरायला बॅटरी.

कार्ड जळतं. रेक्टिफायरही जळतो, त्याचा कपॅसिटर फुटला तर चांगला बार होतो, समोर उभा असलेला माणूस दचकतो. पण बंद पेटीचं दार कब्जासकट काढून फेकण्याची ताकद त्यात नाही. दार उडतं ते आत साठलेला वायू पेटला म्हणून. आणि त्याला फार जोरही लागत नाही. दाराचं क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटर धरा. आतला दाब हवेच्या दाबापेक्षा एक दशांशाने जास्त झाला तरी त्या दारावर सव्वा टनाचा रेटा येतो. हायड्रोजन किंवा मिथेन योग्य प्रमाणात मिसळून पक्क्या बंद जागेत पेटला तर दाब सात-आठ पट होतो. पत्र्याची पेटी तिथवर पोचतच नाही, दार आधीच जातं.

म्हणून ‘कशामुळे फुटली’ या एका प्रश्नात मला तीन प्रश्न दिसतात. वायू कुठून आला? ठिणगी कुठून आली? आणि वायू साठेपर्यंत तो बाहेर का पडला नाही? वीज पडली, फटाका टाकला, रिले चिकटला हे सगळे दुसऱ्या प्रश्नाचे उमेदवार. ठिणगीचा शोध घेण्यात मी वेळ घालवणार नाही. चालू उपकरणांच्या पेटीत ठिणगी शोधावी लागत नाही, ती असतेच. खरी भानगड पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे.

पहिल्याला उमेदवार दोन: जमिनीतून आलेला गॅस किंवा बॅटरी. गॅसवर इथले वायुवेग जास्त सांगतील, त्यांचं ते रोजचं काम. बॅटरीचं मी सांगतो, पण जरा सविस्तर. जेवून येतो.

वायुवेग

काकांनी नाव घेतलं म्हणून लिहितो. मी पुण्यात शहरी गॅसवाहिनीच्या कामात आहे.

जमिनीतल्या गळतीचा गॅस सरळ वर येईलच असं नाही. वर काँक्रीट किंवा भिजलेली घट्ट माती असेल तर तो आडवा सरकतो आणि सगळ्यात सोपी वाट धरतो. सगळ्यात सोपी वाट म्हणजे केबलचा डक्ट. टेलिफोनच्या पेटीखाली असे पाइप येऊन उघडतात. पाइपांची तोंडं फोमने किंवा पुटीने नीट बंद केली नसतील तर पन्नास फुटांवरची गळती पेटीत येऊन साठू शकते. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो, कमी-जास्त असला तर नाही. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात मॅनहोलची झाकणं उडतात, त्यामागेही साठलेला वायूच असतो. फक्त तो बऱ्याचदा पाइपलाइनचा नसतो. रस्त्यावरच्या मिठाचं पाणी खाली उतरून विजेच्या केबलचं आवरण धुमसतं आणि त्यातून निघतो.

टेक्सासचा विषय निघाला म्हणून सांगतो, गॅसला वास घालायची सक्ती त्याच राज्यात एका भयंकर अपघातानंतर आली. १८ मार्च १९३७, पूर्व टेक्सासमधलं न्यू लंडन. शाळेच्या इमारतीखाली वास नसलेला नैसर्गिक वायू साठत गेला, एका विजेच्या यंत्राच्या ठिणगीने पेटला, जवळजवळ तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. आज गॅसला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. पण लांब मातीतून येताना माती हा वास थोडाफार शोषून घेते. तेव्हा ‘वास नव्हता म्हणजे गॅस नव्हता’ असं छातीठोक म्हणता येत नाही.

स्फोटानंतर गॅस होता की नव्हता हे कळतं मात्र. पेटीभोवती जमिनीत सळईने भोकं पाडायची आणि प्रत्येकात मीटर घालून मिथेन मोजायचा. गळती खरी असेल तर मातीत गॅस तासन् तास राहतो. भोकं कोरी निघाली तर आमच्या खात्याची सुटका.

बॅटरीरूम

वायुवेग, तुम्ही वासाचा विषय काढलात ते बरं केलंत. त्यात एक गोम आहे, खाली सांगतो.

आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी अशा पेट्यांत शिशाची व्हीआरएलए बॅटरी असते, जिला लोक मेन्टेनन्स-फ्री म्हणतात. दोन व्होल्टचे चोवीस सेल, मिळून ४८. चार्जर त्यांना कायम फ्लोटवर, म्हणजे भरलेल्या राहतील इतक्याच हलक्या चार्जवर ठेवतो, सेलमागे सव्वादोन व्होल्ट. निरोगी १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरी फ्लोटवर फार तर शंभरेक मिलीअँपिअर पिते आणि आत तयार झालेला बहुतेक वायू आतच पुन्हा पाणी होतो. बाहेर येतो तो नगण्य.

आता ती बॅटरी म्हातारी झाली, उन्हात पेटी तापली आणि चार्जरने तापमान बघून व्होल्टेज खाली आणलं नाही असं धरा. गरम सेल जास्त करंट ओढतो, जास्त करंटने आणखी तापतो. ही साखळी सुरू झाली की करंट मिलीअँपिअरमधून थेट दहा-वीस अँपिअरवर जातो. एक अँपिअर-तास जादा चार्ज एका सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन काढतो, हे फॅरडेचं गणित, यात मतभेद नाही. चोवीस सेल म्हणजे दहा लिटर. दहा अँपिअर असेल तर तासाला शंभर लिटर. पेटीत मोकळी हवा हजार लिटर धरली तर ४ टक्के व्हायला चाळीस लिटर पुरे, म्हणजे अर्धा तासही नाही. ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेटतो, मिथेनसारखी पाच ते पंधराची अरुंद पट्टी नाही. ठिणगीही इतकी बारीक चालते की स्वेटर काढताना होणारी चटचटसुद्धा जास्तच म्हणायची.

आमच्या जुन्या एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये उघडे सेल असायचे, माणसाच्या कमरेइतके. एक्झॉस्ट पंखा बंद असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, ही पहिल्या दिवसाची शिकवण. ती खोली मोठी, छत उंच, म्हणून निभावलं. तीच बॅटरी तुम्ही पत्र्याच्या पेटीत कोंडली, वर पाऊस-धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी पट्ट्या लावल्या. अनेक पेट्यांत पंखे आतलीच हवा आत फिरवतात आणि उष्णता तेवढी पत्र्यातून बाहेर टाकतात. तेव्हा ‘पंखे चालू आहेत ना’ यावर विसंबू नका, बॅटरीच्या कप्प्याला बाहेर उघडणारी वेगळी वाट हवी. अमेरिकेत बाहेरच्या पेट्यांसाठी जीआर-४८७ नावाचं मानक आहे. त्यात पाऊस, वारा, भूकंप तर आहेच, वर बंदुकीची गोळी झाडून बघायची चाचणीही आहे! तो देशच तसा. पेटी बाहेरच्यापासून वाचवण्यावर बरीच मेहनत घेतलेली असते.

आता वासाची गोम. तापून बिघडलेली शिशाची बॅटरी हायड्रोजन सल्फाइड सोडते. त्याचा वास? सडकी अंडी. म्हणजे शेजारीण फोन करते ‘गॅस गळतोय’, गॅसवाला येतो, त्याचा मिथेनचा मीटर शांत, तो निघून जातो, आणि बॅटरी मागे शिजतच राहते. कोणाला फोन केला होता यावरून स्फोटाचं कारण ठरवू नये ते यासाठी.

इतकं सगळं सांगितल्यावर आता मुद्द्याचं. ह्यूस्टनच्या त्या पेटीला यातलं शिशाचं काहीच लागू होत नाही. त्या जाळ्यात शिशाऐवजी अ‍ॅव्हेस्टर कंपनीची लिथियम-मेटल-पॉलिमर बॅटरी बसवली होती. चार्जवर असताना ती हायड्रोजन सोडत नाही, तिची तीच तर जाहिरात होती. म्हणून ‘हायड्रोजनच’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न: बाबांनो, आणणार कुठून?

लावालकर

अ‍ॅव्हेस्टर आमच्या गावची! मी माँट्रियालजवळ राहतो, कारखाना नदीपलीकडे बुशरव्हिलला होता. हायड्रो-केबेक ही इथली सरकारी वीज कंपनी आणि अमेरिकेतली केर-मॅगी यांचा भागीदारीतला उद्योग. मुळात पॉलिमर इलेक्ट्रोलाइटची कल्पना फ्रेंच संशोधक मिशेल आरमाँ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मांडली आणि हायड्रो-केबेकने तिच्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला. गाडीत घालायची बॅटरी म्हणून सुरुवात, पण पहिलं खरं गिऱ्हाईक टेलिफोनवाले. उन्हात-थंडीत बाहेर टिकेल, शिशापेक्षा खूप हलकी, देखभाल नाही.

गंमत बघा, कारखाना ऑक्टोबर २००६ च्या शेवटी बंद पडला. ह्यूस्टनचा स्फोटही त्याच महिन्यातला. इथल्या लोकांनी दोन अधिक दोन करायला वेळ लावला नसेल.

पुढे २००७ मध्ये फ्रान्सच्या बोलोरे समूहाने तिची मालमत्ता घेतली. पॅरिसमध्ये ऑटोलिबच्या भाड्याच्या विजेच्या गाड्या धावायच्या, त्यात याच जातीची लिथियम-पॉलिमर बॅटरी. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर बोलोरेच्या दोन बस जळाल्या आणि तिथली वाहतूक कंपनी आरएटीपीने तसल्या १४९ बस काही काळ रस्त्यावरून काढल्या. काका, हा योगायोग की जातीचाच दोष?

बॅटरीरूम

लावालकर, कारखाना आणि स्फोट एका महिन्यात आले म्हणून एकाने दुसऱ्याला मारलं असं मी म्हणणार नाही. केर-मॅगी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅनाडार्कोने विकत घेतली होती. नवा मालक तेलवाला, तोट्यातला बॅटरीचा कारखाना त्याला कशाला हवा असेल? एका स्फोटाने महिन्याभरात कारखाना बुडायला तो कारखाना आधीच मरणपंथाला लागलेला हवा.

बसचं म्हणाल तर बोलोरेच्या बॅटरीत धन बाजूला लोह-फॉस्फेट, अ‍ॅव्हेस्टरच्यात व्हॅनेडियम ऑक्साइड. सारखं आहे ते लिथियम धातू आणि पॉलिमर. तेवढ्यावरून ‘घराणंच वाईट’ म्हणणं मला पटत नाही, पण लिथियम धातूचा पातळ पत्रा वापरणारी बॅटरी कशी वागते हे समजायला दोन्हीकडे बघावं हे खरं.

आता माझा अंदाज. अंदाजच समजा.

या बॅटरीत द्रव इलेक्ट्रोलाइट नसतो, म्हणून गळत नाही आणि साध्या लिथियम-आयनपेक्षा सुरक्षित मानली जायची. पण घन पॉलिमरमधून आयन थंडीत हलत नाहीत, म्हणून बॅटरीला स्वतःला आतून गरम ठेवावं लागतं. म्हणजे ऋतू कोणताही असो, तिच्या पोटात उन्हाळाच. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण ‘टेक्सासच्या उन्हाने फुटली’ म्हणणाऱ्यांना वॉवाटोसाचं उत्तर देता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये डिसेंबरात ऊन कसलं? बर्फ असतो. ज्या कारणाला ह्यूस्टनचा ऑक्टोबर आणि विस्कॉन्सिनचा डिसेंबर दोन्ही चालतात ते बाहेरच्या हवेत नसून पेटीच्या आत असणार. वीज पडण्याचा अंदाजही मी याच कारणाने मागे टाकतो.

आत लिथियमचा पत्रा, मध्ये काही मायक्रॉन जाडीचा पॉलिमर, पलीकडे ऑक्साइड. गुंडाळताना एखाद्या ठिकाणी पॉलिमर पातळ राहिला, कण अडकला किंवा चार्ज होता होता लिथियमचे काटे वाढून आरपार गेले, तर तेवढ्या ठिपक्यात शॉर्ट. तापमान १८० अंशांवर गेलं की लिथियम वितळतं, आणि वितळलेलं लिथियम ठिपका ठिपकाच राहू देत नाही. सेल जळू लागतो. पॉलिमर तापून फुटतो आणि पेटणारे वायू सोडतो: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, थोडा हायड्रोजनसुद्धा. पेटीतला ऑक्सिजन आगीने संपवलेला, म्हणून हे वायू जळत नाहीत, नुसते भरत राहतात. मग कुठल्यातरी फटीतून हवा आत शिरते आणि आतला निखारा बाकीचं करतो.

माझ्या समजुतीने ह्यूस्टनला आधी आग लागली आणि स्फोट नंतर झाला. शिशाच्या बॅटरीत किंवा गॅस गळतीत उलटं असतं, आधी वायू, मग स्फोट, आग लागली तर शेवटी.

हे तपासताही येतं. उडालेल्या दाराची आतली बाजू बघायची. काजळी धरलेली असेल तर दार जागेवर असताना आत बराच वेळ धूर होता. रंग स्वच्छ असेल तर वायू आधी साठला आणि एका क्षणात पेटला. त्या वेळच्या चर्चेत सगळे दार किती लांब गेलं हे मोजत बसले असतील. मला विचाराल तर अंतर राहू द्या, ते दार उलटं करा.

बॅटरी दोषी होती हा माझा एकट्याचा तर्क नाही. जानेवारी २००८ मध्ये एटी अँड टीने अ‍ॅव्हेस्टरच्या सतरा हजार बॅटऱ्या बदलायचं ठरवलं. घटना हातावर मोजण्याइतक्याच होत्या. एवढ्यासाठी एवढा खर्च कोणी उगाच करत नाही, बनवणारा कारखाना तर बंदच झालेला, भरपाई मागायची कोणाकडे?

वायुवेग

काका, एक शंका. पहिल्या स्फोटानंतर वर्षभर त्याच बॅटऱ्या पेट्यांत राहिल्या ना? तज्ज्ञांनी तपासलं असेल, तरी कळलं नाही?

बॅटरीरूम

तज्ज्ञ तपासतात तेव्हा त्यांच्यासमोर कोळसा असतो. ज्या जागी शॉर्ट झाला ती जागाच सगळ्यात आधी जळते, पुरावा स्वतःला खातो. एका नमुन्यावरून ‘तो एक नग खराब होता’ असं म्हणणं शास्त्राला धरून असतं. दुसरा, तिसरा झाल्यावर तेच वाक्य म्हणायची हिंमत होत नाही.

याहून मोठं उदाहरण देतो. अ‍ॅरिझोनात सर्प्राइज नावाचं गाव आहे, खरंच तेच नाव. तिथे मॅकमिकन इथलं वीज साठवायचं लिथियम-आयनचं केंद्र, दोन मेगावॉट-तासांचं, १९ एप्रिल २०१९ ला धुमसलं. आग विझवणारा वायू आत सोडला गेला होता. अग्निशमनवाले काही तास थांबले, मोजमापं घेतली, मग दार उघडलं. थोड्या वेळात स्फोट झाला आणि चार जवान गंभीर जखमी झाले. विझवणाऱ्या वायूने ज्वाळा दाबल्या असतील, पण सेल तापत राहिले आणि पेटणारे वायू सोडत राहिले. दाराने हवा पुरवली.

तिथे पैशाला कमी नव्हती, डेटा होता, कॅमेरे होते. तरी वीज कंपनीने नेमलेल्या डीएनव्ही जीएलचा अहवाल म्हणाला, एका सेलच्या आतच लिथियमचे काटे वाढून बिघाड झाला. सेल बनवणाऱ्या एलजी केमने नेमलेल्या एक्सपोनंटने त्याला हरकत घेतली आणि बाहेरून आलेल्या उष्णतेकडे बोट दाखवलं. दोन्हीकडचे शहाणे लोक, एकच राख. कोणी कोणाला नेमलं होतं ते वाचून तुम्ही काय ते समजा. पण एका गोष्टीवर वाद नव्हता: वायू साठला, त्याला बाहेर जायला वाट नव्हती आणि स्फोटाचा दाब सोडणारं झाकण केंद्राला नव्हतं. कुकरला शिट्टी असते, सेफ्टी व्हॉल्व्हही असतो. लाखो डॉलरच्या पेटीला नसावा?

म्हणून माझा तिसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. सेल कधीतरी बिघडणारच, हजारांत एखादा. बिघडला तर पेटीने धूर काढावा, दार फेकू नये, हे पेटी बनवणाऱ्याच्या हातात असतं.

केटीकर

काका, वायुवेग, लावालकर, मनापासून धन्यवाद. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो तासाभराने म्हणाला, "मग आता आपल्यामागे काय आहे, शिसं की लिथियम?" दारावर पेटीचा क्रमांक आणि फोन नंबर लिहिलाय. विचारू का? की हसतील? आणि मुलांना तिकडे जाऊ द्यायचं की नाही?

बॅटरीरूम

ताई, हसले तर हसू द्या, विचारा. दोनच गोष्टी: बॅटरी कसली आहे आणि तिच्यावर बसवल्याची तारीख कोणती. अ‍ॅव्हेस्टरची शक्यता आता धरू नका. शिशाची असेल तर एक ध्यानात घ्या, बॅटरीचं आयुष्य पंचविशीतल्या अंशांना धरून सांगतात आणि दर आठ-दहा अंश वाढले की ते निम्मं होतं. ह्यूस्टनच्या उन्हात, पत्र्याच्या पेटीत, दहा वर्षांची म्हणून आणलेली बॅटरी चार-पाच वर्षांत थकते. तारीख त्याहून जुनी निघाली तर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या.

बाकी, पेटीच्या जाळीसमोर कापलेल्या गवताचा ढीग घालू नका. सडक्या अंड्याचा वास आला तर गॅस कंपनी आणि टेलिफोन कंपनी दोघांनाही कळवा, कारण वर सांगितलंय. पेटीतून धूर किंवा फुसफुस आवाज आला तर दाराच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, लांब जायचं आणि ९११ लावायचा. उघडून बघायला जाणारा माणूस मॅकमिकनला काय झालं ते आठवेल अशी आशा.

क्रिकेट खेळू द्या. फक्त स्टंप दुसरा शोधा, चेंडू दारावर आपटून रबरी पट्टी सैल झाली तर आत पाणी जाईल, त्याने कार्डं मरतील आणि सगळ्या गल्लीचं इंटरनेट.

चिंचपोकळी_लोकल

काका, ट्रान्सफॉर्मर मागे घेतला. पण आता माझी झोप उडाली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, शिशाची मोठी ट्युब्युलर बॅटरी, पाणी घालायची. जागा नाही म्हणून ती लाकडी कपाटात आहे. कपाटाला दार आहे. कपाटावर देव्हारा आहे. आई रोज संध्याकाळी समई लावते.

बॅटरीरूम

अहो!

बॅटरी चार्ज होत असताना हायड्रोजन निघतो आणि तो वरच चढतो. आज समई लावू नका, आईंना मी सांगितलं म्हणून सांगा. लागली असेल तर कपाट उघडण्याआधी शांत करा. मग कपाटाचं दार उघडून खिडकी उघडा, पंखा लावू नका, त्याचं बटण कपाटाजवळ असेल तर हातही लावू नका. अर्धा तास जाऊ द्या. त्यानंतर इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीच्या बुचांची भोकं मळाने बुजली आहेत का बघा, पाण्याची पातळी बघा. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावून बॅटरी गॅलरीत हलवा, पावसापासून आडोशाला, पण दाराच्या कपाटात नको. आणि तुमची बॅटरी किती वर्षांची आहे ते इथे लिहा.

चिंचपोकळी_लोकल

समई शांत केली. आई विचारतेय हे काका कोण. बॅटरीवर तारीख पुसट झालीय, टॉर्च लावून बघतो. टॉर्च चालेल ना?

बॅटरीरूम

आधी अर्धा तास. मग टॉर्च.